फोटोत न दिसलेली चीर

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला 'गाजलेल्या शस्त्रक्रिया' लिहायला सांगितलं. मी म्हटलं, माझ्या शस्त्रक्रिया गाजल्या नाहीत. नीट झालेल्या शस्त्रक्रियेची आठवण पेशंटसुद्धा ठेवत नाही. फसलेल्या मात्र एकदोन आहेत. "मग त्याच लिहा," ते म्हणाले. संपादक माणूस चतुर, आणि मी आता रिकामा, तेव्हा बसलो लिहायला.

मी हाडाचा डॉक्टर. मूळचा नांदेडचा, मास्तरांच्या घरातला. सुरुवातीची वर्षं सरकारी दवाखान्यात काढली आणि मग लातूरला स्वतःचा दवाखाना टाकला, तो परवापरवापर्यंत चालवला. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक्स-रेची अंधारी खोली आणि मधे एक बोळ. पेशंटच्या बाकापासून माझ्या टेबलापर्यंत तो बोळ बरोबर नऊ पावलांचा होता. माझी निम्मी प्रॅक्टिस त्या नऊ पावलांवर चालली. पेशंट बाकावरून उठला की मी मान खाली घालून काहीतरी खरडल्याचं सोंग करायचो आणि चष्म्यावरून त्याची चाल बघायचो. डॉक्टर बघतोय म्हटलं की माणूस एक तर ऐटीत चालतो, नाहीतर मुद्दाम जास्त लंगडतो. कंबर दुखणारा मागे हात टेकवतो, गुडघा दुखणारा वाकून गुडघ्याला धरतो, आणि खुबा दुखणारा जांघेत अंगठा रोवतो. हे शेवटचं मला फार उशिरा कळलं, आणि लिहायचंय ते त्याबद्दलच.

खुबा म्हटलं की लोक मागे हात लावून दाखवतात. खरा सांधा पुढच्या बाजूला, जांघेत खोल असतो. मांडीचं हाड वर जाता जाता एकदम आत वळतं, त्याची बारीक मान होते आणि मानेवर गोल डोकं बसतं. अंगाचं सगळं वजन या तिरक्या मानेवरून खाली उतरतं. आता हाड काही दगड नव्हे. ते जिवंत असतं. रोजच्या वापराने त्याला बारीक चिरा पडतात आणि अन्न-विश्रांती मिळाली की त्या भरूनही येतात. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण एकाच जागी वाकवत राहिलं तर तुटते, तसंच हाडाचं. फरक एवढाच की तारेला विश्रांती देऊन उपयोग नसतो, हाडाला असतो. पळणाऱ्या पोराने ती विश्रांती दिली नाही तर मानेतली चीर वाढत जाते. मानेच्या खालच्या बाजूची चीर वजनाने दाबली जाते, म्हणून कुबड्या आणि सबुरी यांनी ती बहुतेकदा मिटते. वरच्या बाजूची चीर ताणली जाते, उघडत जाते, तिला ताबडतोब स्क्रू घालावे लागतात. नाही घातले आणि मान सरकली, तर डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते हळूहळू मरतं. आणि यातली खरी मेख अशी की पहिले काही आठवडे ही चीर एक्स-रेत दिसतच नाही.

हे सगळं पुस्तकात होतं. मी वाचलंही होतं. पण पुस्तकाच्या आधी भूकंपाने माझी शिकवणी घेतली.

भूकंपाच्या साली मी नवा नवा सर्जन होतो. नांदेडहून आम्हाला गाडीत घालून किल्लारीच्या बाजूला पाठवलं. तिथे काय पाहिलं ते इतरांनी पुष्कळ लिहिलंय, मी लिहीत नाही. धंद्यापुरतं सांगतो. दाराच्या फळ्यांवर, बाजांवर माणसं आणत होते. आम्ही प्रत्येकाला एकच विचारायचो, "काय पडलं अंगावर?" उत्तरं ठरलेली: मातीचं माळवद, तुळई, भिंत. एका म्हाताऱ्या बाईने नुसतं "घर" म्हटलं. त्या काही आठवड्यांत मी जेवढी हाडं जोडली तेवढी पुढच्या काही वर्षांत जोडली नसतील. हात तयार झाला, भीती मेली. औशाच्या कौसल्या सिस्टर तिथेच पहिल्यांदा भेटल्या, आणि पुढे लातूरला दवाखाना टाकल्यावर तिथला कारभार त्यांच्याच हाती गेला. पण त्या आठवड्यांनी एक खोडही लावली. ज्याच्या अंगावर काही पडलं नाही आणि जो स्वतःही पडला नाही, त्याचं हाड मोडलेलं नाही, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

त्यानंतर काही वर्षांनी हणमंत आला. वय एकोणीस. किल्लारीजवळच्या गावचा, थोरला भाऊ भूकंपात गेलेला. गावं नव्या जागी वसली होती, रस्ते सरळ आखलेले, घरं सगळी एकसारखी, आणि म्हातारी माणसं स्वतःच्याच गावात वाट चुकत होती. हणमंतला मात्र ते सरळ रस्ते मानवले. त्यावर तो पहाटे पळायचा. मिल्ट्रीत जायचं होतं. बोळातून जांघेत अंगठा रोवून चालत आला, आणि मी त्या वेळी खरोखरच मान खाली घालून लिहीत होतो.

"पडलास का?"

"न्हाई, साहेब."

"मुरगळला?"

"न्हाई. आत दुखायलंय. बसलं की राहतंय, पळालं की येतंय."

मी एक्स-रे काढला. आमच्याकडे त्याला फोटो म्हणतात. फोटो साफ होता. मी तसं सांगितलं, स्नायू भरलाय म्हटलं. त्याचा चेहरा असा उजळला की मलाही बरं वाटलं. भरती चार दिवसांवर होती. तो म्हणाला, "साहेब, तेवढं एका दिसाचं निभवा." आणि मी निभवलं. आदल्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा आला तेव्हा त्याला दुखणं मारायचं इंजेक्शन दिलं, बरोबर दोन गोळ्या दिल्या. दुखणं ही एकच गोष्ट त्या पोराला थांबवत होती, आणि ती मी माझ्या हाताने काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला जीपच्या मागच्या बाजूला फळीवर घालून आणला. शुद्धीवर होता, घामाघूम. मला म्हणाला, "तिसऱ्या चक्कराला काडकन आवाज झाला, साहेब. मला वाटलं बूट फाटला."

मान पार सरकली होती. मी त्याच दिवशी स्क्रू घातले, जेवढं येत होतं तेवढं सगळं केलं. हाड जुळलं, पण डोकं मेलं. दोन वर्षांत सांधा झिजला, पाय आखूड झाला, आणि हणमंत प्रत्येक पावलाला एका बाजूला कलून चालू लागला. तोवर तपासायला येत राहिला. एकदाही तक्रार केली नाही. उलट माझं तोंड बघून मलाच म्हणायचा, "तुमी काय करणार, साहेब, फोटोतच नव्हतं." हे ऐकलं की मला त्याच्याकडे बघवत नसे. मी मान डोलवायचो आणि पुढच्या पेशंटला हाक मारायचो. खरं बोलायची हिंमत व्हायला मला बरीच वर्षं लागली. लाज वाटते, पण लागली.

दरम्यान लातूर बदललं. मी आलो तेव्हा गंजगोलाईत फिरलं की चार ओळखीची माणसं भेटायची, सुताराचं दुकान, भुसाराचं दुकान, आणि संध्याकाळी सातनंतर गाव शांत. मग क्लासेस आले. गल्लोगल्ली होस्टेलं, खानावळी, झेरॉक्सची दुकानं, आणि नांदेड, बीड, परभणीपासून आलेली पाठीवर दप्तर घेतलेली पोरं. भाडेकरूंनी गच्चीवरच्या टाकीखालची जागासुद्धा सोडली नाही. मला ते गजबजलेलं लातूर आवडायचं, हे कबूल करतो. त्या पोरांच्या वयाचंच ते गावही झालं होतं. आमच्या धंद्यालाही नवे पेशंट मिळाले. बसून बसून मान धरलेली पोरं, जिन्यावरून पुस्तक वाचत उतरताना पडलेली पोरं. एक बाप तर अगदी धडधाकट मुलगा घेऊन आला. मी विचारलं काय दुखतं. बाप म्हणाला, "दुखत काहीच न्हाई. दोन महिन्याचं प्लास्टर घाला पायाला. म्हंजी एका जाग्याला बसून अभ्यास करील." मी नाही म्हटलं तर माणूस फार नाराज झाला. "मग निदान महिन्याचं तरी?" मुलगा भिंतीकडे बघून हसत होता. त्याचा पुढे कुठे नंबर लागला माहीत नाही, पण विनोदबुद्धी शाबूत होती, म्हणजे लागला असेल.

डॉक्टर-इंजिनियरवाल्या क्लासेसच्या कडेकडेने भरतीच्या अकॅडम्या निघाल्या. पोलीस, मिल्ट्री, वनरक्षक. उजाडायच्या आत औशाच्या रस्त्याला शिट्ट्या वाजायच्या आणि पोरापोरींच्या रांगा पळताना दिसायच्या. त्यांतल्या एका अकॅडमीचा मालक एके दिवशी पेढे घेऊन माझ्या बोळातून चालत आला, एका बाजूला कलत. हणमंत. आता त्याला सगळे 'सर' म्हणत होते.

पेढा हातात घेऊन मी एकदाचं बोललो. म्हटलं, "हणमंता, चूक माझी होती. फोटोत नव्हतं, पण तुझ्या चालीत होतं. मी बघितलं नाही."

"मला ठावं हाय, साहेब," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"लई दिस झाले. मोठ्या शहरातल्या एका डॉक्टरनं सांगितलं." मग म्हणाला, "म्हणूनच तुमच्याकडं आलोय. माझी पोरं मी तुमच्याकडंच पाठवणार. दुसऱ्याकडं पाठवली तर त्यो पहिल्यापासून शिकंल."

मी तो पेढा खाल्ला.

त्यानंतर त्याच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या. वहीच्या अर्ध्या पानावर, पेन्सिलीने: 'जांघेत दुखतंय. पडला नाही. बघा.' माझ्यापेक्षा त्याची नजर पक्की होती. पळणाऱ्या रांगेतून कोण पाय चोरतंय ते तो मोपेडवर बसून ओळखायचा. अशा पोराला मी आधी कुबड्या द्यायचो आणि मग तपासायचो. पूर्वी आम्ही एका पायावर उडी मारायला सांगत असू, ते मी बंद केलं, कारण चीर असलीच तर ती उडीनेच पूर्ण व्हायची. पुढे लातुरात एमआरआय आलं आणि काम सोपं झालं. किती पोरांचे खुबे वाचले ते मी कधी मोजलं नाही. वाचलेला खुबा बातमी होत नाही, आणि पोरं मात्र 'भरती बुडवणारा डॉक्टर' म्हणून मला ओळखायची. असू द्या.

आणि मग रेणुका आली. त्या वर्षी दसरा होऊन थोडेच दिवस झाले होते. हदगाव तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी, पोलीस भरतीसाठी वर्षभर हणमंतच्या होस्टेलात राहिलेली. बरोबर वडील होते आणि हणमंतही. नेहमी तो चिठ्ठी पाठवायचा, त्या दिवशी स्वतः आला, यावरूनच मी समजलो. मुलगी बोळातून इतकी नीट चालत आली की दुसऱ्या कुणाला शंका आली नसती. पण सातव्या पावलाला अंगठा जांघेत गेलाच.

वडिलांनी आल्या आल्या सांगून टाकलं, "डॉक्टरसाहेब, आमचं ठरलेलं हाय. एक भरती. लागली तर लागली, नाही तर तुळशीच्या लग्नानंतर हिचं बी लग्न. पाहुणे बघून ठेवले. दहा दिवस राहिले, तेवढं नीट करून द्या." माणूस वाईट नव्हता. गावात भाऊबंदांशी भांडून त्याने पोरीला वर्षभर लातूरला ठेवली होती, आणि आता त्याचा शब्द त्याच्या गळ्याशी आला होता.

फोटो काढला. साफ.

मी म्हटलं, पळायचं नाही, उद्या एमआरआय करू. वडील खुर्चीतून पुढे सरकले. "फोटो साफ हाय म्हणून राहिले, अन् पळू देऊन राहिले नाही. हे कसं?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मी आपला हाड, तार, चीर असं समजावत बसलो, आणि मुलगी ताठ बसून मला विचारत राहिली की चीर कशाने पडली, इतर पोरी माझ्याएवढंच पळतात त्यांना का नाही. याचं उत्तर मला देता येईना.

तेव्हा कौसल्या सिस्टर आत आल्या आणि मला म्हणाल्या, "साहेब, तुमी अन् ही गडीमाणसं जरा भाईर थांबता का?" माझ्याच खोलीतून मला बाहेर काढलं. आम्ही तिघे बोळात उभे राहिलो. पाच-सात मिनिटांनी सिस्टरांनी मला एकट्याला दारात बोलावून हळू आवाजात सांगितलं. पोरीची पाळी आठ महिन्यांपासून बंद होती. तिने ते सांगितलं तेही लाजून नव्हे, थोड्या अभिमानाने. होस्टेलातल्या पोरींमध्ये समजच असा होता की सराव अंगात नीट भिनला म्हणजे पाळी थांबते. ज्या पोरीची चालू असते तिला बाकीच्या म्हणायच्या, तुझं अजून कच्चं आहे.

त्यात नवरात्र झालेलं. माहूरच्या देवीला तिने भरतीसाठी बोललं होतं: नऊ दिवस उपवास आणि नऊ दिवस अनवाणी. आमच्याकडे पुष्कळ बाया तसं नवरात्र धरतात आणि ते निभावतंही. पण ही पोरगी दिवसाला एकदा भगर खाऊन, अनवाणी, डांबरी रस्त्यावर रोजचा सगळा सराव करत राहिली. नवस आणि सराव, दोन्हींतलं तिने काही सोडलं नाही. वर्षभर जेवणावर हात आखडलेला, पाळी थांबलेली, म्हणजे शरीराने हाडं भरायचं काम केव्हाच बंद केलेलं, आणि त्यावर हे नऊ दिवस. सिस्टर तिला एवढंच म्हणाल्या, "देवीनं अनवाणी ऱ्हा म्हणलं असंल, माय. पळ म्हणलं नव्हतं."

मी दाराची चौकट धरून उभा होतो. हणमंतनंतर मी चाल बघायला शिकलो म्हणून स्वतःवर खूश होतो. आणि एवढ्या वर्षांत एवढ्या मुली तपासल्या, एकीलाही हा प्रश्न विचारला नव्हता. हणमंत तर पुरुष मास्तर, त्याने विचारायचा प्रश्नच नव्हता. आम्ही दोघे शहाणे त्या पोरींना 'पडलीस का' विचारून सोडत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी एमआरआय झालं. मानेच्या खालच्या बाजूला करड्या रंगाची बारीक रेघ होती. मी रेणुकाला पडद्यावर बोट ठेवून दाखवली, आणि हणमंतची चीर वरच्या बाजूला होती हेही सांगितलं.

"एवढीशीच?" ती म्हणाली.

"एवढीशीच. कुबड्या, जेवण आणि सहा-आठ आठवडे. ऑपरेशन लागणार नाही."

"एक इंजेक्शन द्या ना, सर. हणमंत सरांना दिलं होतं म्हणं तुमी."

मी हणमंतकडे बघितलं. तो म्हणाला, "दिलं होतं. मी कसा चालतो ते बघ." आणि बाकापर्यंत जाऊन परत आला. नेहमी तो आपलं कलणं होईल तेवढं झाकायचा. त्या दिवशी झाकलं नाही.

पोरीने ते सगळं बघितलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "सर, तुमची वरच्या बाजूला होती. माझी खालच्या बाजूला हाय. डॉक्टरांनीच आत्ता सांगितलं."

इतकी हुशार पेशंट मला क्वचितच भेटली असेल. खोटं बोलून तिला घाबरवणं सोपं होतं. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "कदाचित काही होणार नाही. आठशे मीटर आहे, निघूनही जाईल. आणि कदाचित शेवटच्या वळणावर मान सरकेल. दोन्हींतलं काय होईल ते मला सांगता येत नाही. मी इंजेक्शन देणार नाही."

"तुमचं काय जातंय," ती म्हणाली. "तुळशीचं लग्न माझ्या घरी हाय."

वडील खाली बघत होते. सिस्टरांनी कुबड्या आणून तिच्या खुर्चीला टेकवल्या.

पुढचे काही दिवस मला चैन पडलं नाही. इंजेक्शन देऊ शकणारा मी एकटाच डॉक्टर थोडाच होतो. भरतीच्या दोन दिवस आधी हणमंतचा फोन आला. "पोरगी कुबड्या सोडत न्हाई, जेवती बी नीट. पण हट्ट धरून बसलीय, मैदानावर न्या म्हणती. नुसतं बघायचंय म्हणती. प्रवेशपत्र बी घेतलंय बरोबर. साहेब, तुमी बी चला. तिकडं गेल्यावर तिनं कुबड्या टाकल्या तर माझ्याच्यानं एकट्यानं आडवणं होणार न्हाई."

"का होणार नाही?"

"मला बी तिला पळताना बघायचंय, साहेब," तो म्हणाला.

भरती नांदेडला होती. मी आदल्या दिवशी भावाच्या घरी जाऊन राहिलो. कितीतरी वर्षांनी नांदेडात पहाटे उठलो. लहानपणी वडील आम्हाला याच वेळेला उठवून गोदावरीवर न्यायचे आणि परत येताना पाढे म्हणायला लावायचे. रस्ते रुंद झालेत, नदीकडून येणारा गारवा तेवढा जुना. रिक्षा मिळेपर्यंत मी उभा राहिलो आणि जिथे जायचं होतं त्याची मला भीती वाटत होती.

मैदानाच्या फाटकाशी उजाडायच्या आतच गर्दी होती. पोरी रांगेत, त्यांचे बाप, भाऊ बाहेर दोरीपलीकडे. रेणुका हणमंतच्या शेजारी कुबड्यांवर उभी होती. तिने पळायचे बूट घातले होते, नाड्या घट्ट बांधलेल्या. वडील पहिल्या गाडीने हदगावहून आले होते. मला बघून त्यांनी हात जोडले.

फाटकाजवळ टेबल टाकून एक हवालदार यादी घेऊन बसला होता. नाव तीनदा पुकारायचं, मुलगी आली नाही तर रेघ मारायची, पुढचं नाव. आवाज खणखणीत. नावं सरकत होती आणि प्रत्येक नावाला एक मुलगी प्रवेशपत्र दाखवून आत पळत जात होती.

रेणुकाचं नाव पुकारलं गेलं, गावासकट.

तिने उजवी कुबडी काढून हणमंतच्या हातात दिली. हणमंतने ती घेतली. मी पुढे झालो. दहा दिवसांपूर्वी जे बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं. तिने दुखरा पाय जमिनीवर टेकवला, हळूच, पाण्याचा अंदाज घ्यावा तसा, आणि त्यावर थोडं वजन दिलं. तिच्या तोंडाकडे बघत मी उभा राहिलो.

दुसऱ्यांदा पुकारलं.

ती टेबलापर्यंत गेली, एका कुबडीवर. चार-पाच पावलं असतील. आम्ही तिघे मागे. प्रवेशपत्र तिच्या मुठीत होतं. हवालदाराने मान वर न करता तिसऱ्यांदा नाव घेतलं, मग समोर कुणीतरी उभं आहे हे जाणवून वर बघितलं. कुबडी बघितली, बूट बघितले. आवाज खाली आणून त्याने विचारलं, "तूच का, बाई?"

रेणुकाने मूठ आणखी घट्ट मिटली. मग म्हणाली, "न्हाई. ती आली न्हाई."

हवालदाराने आणखी एकदा तिच्याकडे बघितलं, पट्टी घेऊन नावावर रेघ मारली आणि पुढचं नाव पुकारलं. ती रेघ पूर्ण होईपर्यंत ती तिथेच उभी होती. मग वळली आणि हणमंतपुढे हात केला. त्याने दुसरी कुबडी तिच्या हातात दिली. त्याचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. मला वाटत होतं, आता हिने मला शिव्या द्याव्यात. तिने मला विचारलं, "टेकवला त्याचं काय झालं नसंल ना, सर?"

"नाही झालं," मी म्हटलं.

वडील इतका वेळ दोरीला धरून उभे होते. आता ते पुढे आले. पोरीकडे न बघता हणमंतच्या जवळ गेले, घसा खाकरला, आणि म्हणाले, "सर, होस्टेलातली हिची कॉट दुसऱ्या कोणाला देऊ नका."